आरमाराचा कारकून

इंग्लंडच्या आरमारात लेफ्टनंट व्हावयाचे असेल, तर त्या तरुणाने आधी किमान तीन वर्षे समुद्रावर काढलेली असावीत. त्यांपैकी एक वर्ष त्याने मिडशिपमन म्हणून काम केलेले असावे. त्याचे वय विसाच्या खाली नसावे, त्याच्या वर्तणुकीविषयी आणि उद्योगीपणाविषयी कप्तानांचे दाखले त्याच्याजवळ असावेत आणि एवढे झाल्यावर त्याने वरिष्ठांपुढे उभे राहून नौकानयनाची परीक्षा द्यावी. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या संमतीने १६७७ सालच्या डिसेंबर महिन्यात हा नियम अमलात आला. स्पर्धा परीक्षांची सवय झालेल्या आजच्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. परंतु त्याच देशात मुलकी नोकरीसाठी परीक्षा यावयास त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लागली आणि भूदलातील हुद्दे तर १८७१ पर्यंत रोख पैसे मोजून विकत घेता येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हुकमाचे वजन कळते.

हा नियम ज्याने घडवून आणला, तो माणूस दर्यावर्दी नव्हता. त्याने कधी शीड उभारले नव्हते, की सुकाणू हाती धरले नव्हते. लंडनमधील एका शिंप्याचा तो मुलगा. त्याच्या आडनावाचे स्पेलिंग पाहून आपल्याकडे अनेक जण त्याला पेपिस म्हणतात. रूढ उच्चार मात्र पीप्स असा आहे. सॅम्युएल पीप्स जगाला ठाऊक आहे तो त्याच्या रोजनिशीमुळे. लंडनचा प्लेग, लंडनची आग, नाटके, मेजवान्या आणि स्वतःची पापे हे सारे त्याने लघुलिपीत निःसंकोचपणे नोंदवून ठेवले. पण ही रोजनिशी साडेनऊ वर्षांचीच आहे. आरमाराची चाकरी त्याने जवळपास पाव शतक केली आणि इंग्लंडच्या इतिहासात त्याचे मोठे काम कोणते, असे विचारले तर उत्तर त्या चाकरीतच शोधावे लागते.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॉल्झबरी कोर्टात झाला. आई लग्नापूर्वी धुण्याचे काम करी. घर बेताचे, पण नात्यातली एक फांदी उंच गेलेली होती. एडवर्ड माँटेग्यू हा वडिलांचा आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातला सरदार क्रॉमवेलच्या राजवटीत आरमाराचा सेनानी होता. सेंट पॉल्स शाळा आणि केंब्रिजचे मॉडलिन कॉलेज अशी पायरी चढून पीप्स पदवीधर झाला तो १६५४ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याने एलिझाबेथ द सँ मिशेल हिच्याशी लग्न केले. ती तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. १६५८ मध्ये मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या नसलेल्या काळात त्यातून जिवंत उठणे हेच भाग्य. पीप्स त्या दिवसाची आठवण म्हणून पुढे दरवर्षी मेजवानी देई आणि काढलेला खडा एका पेटीत जपून ठेवून पाहुण्यांना दाखवी.

१६६० मध्ये राजेशाही परत आली. वनवासातील चार्ल्सला हॉलंडहून आणण्यास माँटेग्यूचे आरमार गेले, त्यात पीप्स त्याचा चिटणीस म्हणून ‘नेसबी’ या जहाजावर होता. क्रॉमवेलच्या विजयाचे नाव धारण केलेले ते जहाज राजा चढताच ‘रॉयल चार्ल्स’ झाले. नाते आणि वशिला या दोहोंच्या जोरावर त्याच वर्षी पीप्सला आरमार मंडळाच्या चिटणिसाची जागा मिळाली. वार्षिक वेतन ३५० पौंड. ही निवड गुणवत्तेवर झाली, असे त्याचा मोठा चाहताही म्हणणार नाही. पुढे परीक्षेचा आग्रह धरणारा हा गृहस्थ स्वतः चिठ्ठीवर नोकरीला लागलेला होता.

मंडळातील त्याचे सहकारी मोठे होते. सर विल्यम बॅटन आणि सर विल्यम पेन यांनी समुद्रावर लढाया केल्या होत्या. त्यांच्यापुढे पीप्स म्हणजे कारकून. हे अज्ञान त्याला बोचले असावे, कारण १६६२ च्या उन्हाळ्यात तो पहाटे चार वाजता उठून अभ्यास करू लागला. केंब्रिजचा पदवीधर, वय एकोणतीस, आणि त्याला गुणाकाराचे पाढे येत नव्हते! ते त्याने ‘रॉयल चार्ल्स’वरील कूपर नावाच्या एका दर्यावर्द्याकडून शिकून घेतले. अँथनी डीन या तरुण जहाजबांधणी कारागिराने त्याला लाकूड कसे मोजतात आणि मोजताना सरकारला कसे फसवतात, ते शिकवले. दोरखंडाच्या कारखान्यात जाऊन त्याने तागाचे तंतू ओढून पाहिले. डांबर, कापड, निशाणे, नांगर, प्रत्येकाचा भाव त्याने टिपून ठेवला. ज्या कागदावर सही करावयाची त्यातील वस्तू आपल्याला ओळखता आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या कचेरीत तोवर कोणी मनावर घेतली नव्हती.

वस्तूंबरोबर त्याला माणसांची ओळख झाली. त्या काळचे लढाऊ जहाज म्हणजे पाण्यावरचे एक गावच होते. पहिल्या दर्जाच्या जहाजावर सातशेच्या वर माणसे असत आणि गावात जसे बलुतेदार, तसे जहाजावर वेगवेगळ्या कसबांचे लोक. कप्तान आणि लेफ्टनंट हे राजाच्या नेमणुकीने येणारे अंमलदार. त्यांच्या खाली मास्टर. जहाज कोठे आहे, वारा कसा आहे, खडक कोठे आहेत, हे जाणणारा तोच. कप्तानाने लढावे आणि मास्टरने जहाज हाकारावे, अशी ही जुनी वाटणी होती. बोसनकडे शिडे, दोर आणि नांगर. आपल्या किनाऱ्यावर सारंग जे काम करतो, साधारण तेच. गनरकडे तोफा आणि दारूगोळा. सुताराकडे जहाजाचे शरीर. लढाईत पाण्याच्या रेषेखाली गोळा लागला, तर सर्वांचे प्राण त्याच्या हातोडीवर अवलंबून. पर्सर म्हणजे जहाजाचा कोठीवाला. मग स्वयंपाकी, शल्यवैद्य आणि पाद्री. शल्यवैद्यासाठी प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला दोन पेन्स कापले जात, पाद्र्यासाठी चार आणि जखमींच्या चॅथम येथील निधीसाठी सहा.

यातली एक गंमत अशी की, ज्यांचा मान कमी त्यांची नोकरी कायम होती. बोसन, गनर, सुतार, पर्सर आणि स्वयंपाकी हे जहाजाबरोबर राहत. युद्ध संपून जहाज गोदीत बांधून ठेवले तरी त्यांची जागा सुटत नसे. उलट कप्तान आणि लेफ्टनंट यांची नेमणूक एका सफरीपुरती. सफर संपली की तो पुन्हा रिकामा. साहजिकच ज्याला जमीनजुमला आहे किंवा दरबारात ओळख आहे, त्यालाच ही चैन परवडे.

येथेच त्या आरमाराचे खरे भांडण होते. एका बाजूला जंटलमन कप्तान. सरदारांची धाकटी मुले, राजासाठी लढलेल्या घराण्यांतील तरुण. अनेकांना समुद्राचा गंध नसे, पण धैर्य असे आणि दरबारात शब्द असे. दुसऱ्या बाजूला टारपॉलिन. हा शब्द आपण ताडपत्री म्हणतो त्या डांबर फासलेल्या कापडावरून आला. खलाशी त्याचेच कपडे करीत. पोरवयात जहाजावर चढून, दोर ओढत, मास्टर होत होत कप्तानपदाला पोहोचलेल्या माणसांना हे नाव पडले. त्यांतील पुष्कळ जण क्रॉमवेलच्या काळात वर आलेले, म्हणून राजाच्या माणसांना त्यांच्या निष्ठेविषयी शंका. जंटलमनला टारपॉलिन गावंढळ वाटे आणि टारपॉलिनला जंटलमन निरुपयोगी. दोघे एकाच ताफ्यात लढत.

टारपॉलिनांविषयी खलाशांना काय वाटे, हे पीप्सने १६६६ च्या जून महिन्यात पाहिले. डचांशी दुसरे युद्ध चालू होते. सर ख्रिस्तोफर मिंग्ज हा सेनानी चार दिवसांच्या लढाईत जखमी होऊन मरण पावला. हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा असल्याचे पीप्सच्या कानावर होते. अंत्यविधीला बडी मंडळी फारशी आली नाहीत. विधी आटोपून पीप्स आणि सर विल्यम कॉव्हेंट्री गाडीत बसले असता दहा-बारा धडधाकट खलाशी डोळ्यांत पाणी आणून गाडीशी आले. आपल्या सेनापतीसाठी आपण दुसरे काही करू शकत नाही. आम्हाला एक अग्निनौका द्यावी, तिच्यावरून आम्ही त्याच्या मृत्यूचा सूड घेऊ, एवढीच त्यांची मागणी होती. अग्निनौका म्हणजे पेटवून शत्रूच्या जहाजावर सोडायची होडी; तिच्यावरून परतण्याची खात्री नसे. पीप्सने हा प्रसंग रोजनिशीत सविस्तर लिहिला आहे. मिंग्जच्या पश्चात त्याच्या कुटुंबाला लोक लवकरच विसरतील, असेही त्याने तेथेच नोंदवले.

त्याच खलाशांना सरकार पगार देऊ शकत नव्हते. कसबी खलाशाला महिना चोवीस शिलिंग आणि साध्याला एकोणीस, हा दर १६५३ मध्ये ठरला होता. (तो १७९७ पर्यंत बदलला नाही, त्या वर्षी खलाशांनी बंड केले, तेव्हा बदलला.) पण तेवढेही रोख मिळत नसे. हाती पडे ती एक चिठ्ठी. ती लंडनला जाऊन वटवावी लागे आणि तिजोरीत पैसा नसल्याने तेथेही वटत नसे. मग भुकेला खलाशी ती दलालाला निम्म्या-पाऊण किमतीत विकून टाकी. १६६६ च्या जुलैत डचांच्या कैदेत असलेल्या खलाशांच्या तीनशेहून अधिक बायका पीप्सच्या कचेरीच्या आवारात जमल्या आणि दिवसभर ओरडत-रडत राहिल्या. त्या दिवशी पीप्सच्या घरी हरणाच्या मांसाची पोळी भाजण्यासाठी बाहेर पाठवायची होती. या बायका ती हिसकावून घेतील, या भीतीने ती पाठवण्याचाही धीर होईना. पीप्सला त्यांची दया आली. त्यांच्यातील एकीला मागे बोलावून त्याने गुपचूप काही पैसे दिले. बाकीच्यांसाठी त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

कोठीवाल्या पर्सरचा प्रश्नही याच जातीचा. हा माणूस चोर असतो, हे सर्वांनी गृहीत धरलेले. पीप्सने वेगळा प्रश्न विचारला: त्याला प्रामाणिक राहणे परवडते का? दररोज माणशी एक पौंड बिस्किटे आणि एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर बिअर, असा शिधा त्याने पुरवायचा. स्वतःचे वेतन तुटपुंजे, हिशेब किचकट, तारण मात्र मोठे. अशा स्थितीत खोटी हजेरी मांडून मेलेल्या किंवा पळालेल्या खलाशांच्या नावावर शिधा काढल्याशिवाय त्याचे घर चालणेच शक्य नव्हते. १६६६ च्या पहिल्या दिवशी पीप्सने यावर एक दीर्घ टिपण कॉव्हेंट्रीला सादर केले. पर्सरला ठरीव रकमेत काम सोपवावे आणि बचत होईल ती उघडपणे त्याची मानावी, म्हणजे खोट्या हजेरीचे कारणच उरणार नाही, असा त्याचा विचार होता. चोराला शिव्या देण्यापेक्षा चोरी ज्या खिडकीतून होते ती शोधावी, ही त्याची रीत. पर्सर त्यामुळे संत झाले नाहीत. पुढे अनेक पिढ्या ते खलाशांना सोळा औंसांऐवजी चौदा औंसांचाच पौंड मोजून देत राहिले.

१६६७ च्या जून महिन्यात या सगळ्याची किंमत चुकवावी लागली. पैशाअभावी मोठी जहाजे चॅथमला बांधून ठेवली होती. डचांचे आरमार मेडवे नदीत शिरले, त्यांनी आडवी टाकलेली साखळी तोडली, काही जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेले. डच जहाजांवर इंग्रजी बोलणारे खलाशी दिसले. पूर्वी आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता नाण्यांसाठी लढतो, अशा अर्थाचे त्यांचे ओरडणे किनाऱ्यावरच्यांनी ऐकले आणि ते पीप्सपर्यंत पोहोचले. चॅथमच्या गोदीचा अधिकारी पीटर पेट याने त्या गोंधळात होड्यांमधून जहाजांच्या लाकडी प्रतिकृती सुरक्षित जागी हलवल्या, म्हणून त्याच्यावर खापर फुटले. पीप्सने स्वतःचे सोने बायको आणि वडिलांबरोबर गावी धाडून बागेत पुरायला लावले, हे मात्र रोजनिशी प्रसिद्ध होईपर्यंत कोणाला कळले नाही. ‘रॉयल चार्ल्स’च्या मागील भागावरील कोरीव राजचिन्ह आजही ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पार्लमेंटला दोषी हवे होते. ५ मार्च १६६८ रोजी पीप्स आरमार मंडळाच्या बचावासाठी कॉमन्स सभागृहात उभा राहिला. जाण्यापूर्वी त्याने गरम मद्याचा पेला आणि वर थोडी ब्रँडी घेतली होती. तीन तासांहून अधिक काळ तो बोलला आणि आकड्यांनी सभागृहाला गप्प केले. कारकुनी त्या दिवशी कामी आली.

आता त्याची दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पीप्स लाच घेई, आणि घेत असल्याचे स्वतः लिहून ठेवी. सरकारचे नुकसान होत नसेल तर भेट स्वीकारण्यास हरकत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. याहून काळे प्रकरण बॅगवेल दांपत्याचे. विल्यम बॅगवेल हा डेप्टफर्डचा जहाजसुतार. नवऱ्याला चांगल्या जहाजावर जागा मिळावी म्हणून त्याची पत्नी पीप्सकडे येऊ लागली. पीप्सने त्या गरजेचा फायदा घेतला. तिने प्रतिकार केला आणि त्याने बळजबरी केली, हे रोजनिशीतील १६६५ च्या नोंदीवरून दिसते. परक्या भाषांतील शब्द मिसळून त्याने ते लिहिले आहे. बॅगवेलला बढती मिळाली. मिसेस बॅगवेलच्या बाजूची हकीकत कोठेच लिहिलेली नाही. ज्या आरमारात सुताराची जागा अशी मिळते, त्या आरमारात दाखले आणि परीक्षा यांची गरज का होती, याचा पुरावा खुद्द सुधारकाच्याच हातचा आहे. पाढे शिकवणाऱ्या कूपरलाही त्याने ‘रिझर्व्ह’ या जहाजावर मास्टरची जागा मिळवून दिली होती. कूपर नौकानयनात हुशार, पण पिणारा आणि भांडकुदळ निघाला. कप्तान रॉबर्ट होम्स याने त्याला काढून टाकण्याचा आग्रह धरला आणि पीप्सला तो मानावा लागला.

१६६९ मध्ये आंधळे होण्याच्या भीतीने पीप्सने रोजनिशी थांबवली. डोळे पुढे टिकले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एलिझाबेथ मात्र तापाने गेली, वय एकोणतीस. पीप्सने पुन्हा लग्न केले नाही. यानंतरचा पीप्स खासगी आयुष्यात आपल्याला फारसा दिसत नाही, पण सरकारी कागदांत त्याची सावली वाढत जाते.

कॅथलिकांना सरकारी पदे बंद करणारा कायदा १६७३ मध्ये झाला. राजाचा भाऊ जेम्स याला आरमारप्रमुखपद सोडावे लागले आणि पीप्स ॲडमिरल्टीचा सचिव झाला. आता तो वस्तू पुरवणारा राहिला नाही. माणसे नेमण्याची सूत्रे त्याच्या हाताशी आली. पहिले काम मुलांचे. त्याच वर्षी ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेत चाळीस मुलांसाठी गणित आणि नौकानयनाचा स्वतंत्र वर्ग राजाच्या सनदेने निघाला; तो नीट चालावा म्हणून पीप्स आयुष्यभर झटला. चांगल्या घरांतील मुलांनी लहानपणीच जहाजावर उमेदवारी करावी, म्हणून १६७६ मध्ये राजाच्या पत्राने स्वयंसेवक घेण्याची पद्धत नियमित झाली. मोठ्या जहाजांच्या कप्तानांना शांततेच्या काळात निम्मा पगार मिळू लागला, म्हणजे रिकामपणी दरबाराच्या पायऱ्या झिजवण्याची गरज कमी झाली. पाद्र्यांनाही बिशपांकडून पसंती घेतल्याशिवाय जहाजावर चढता येईना.

आणि मग १६७७ ची लेफ्टनंटची परीक्षा. त्याच वर्षी पार्लमेंटने तीस नव्या जहाजांसाठी सहा लाख पौंड मंजूर केले होते. जहाजे पैशाने बांधता येतात, ती चालवणारे अंमलदार कोठून आणायचे, हा प्रश्न उभाच होता. पीप्सचे म्हणणे जंटलमनांना हाकलावे असे नव्हते, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. दरबारी घराण्यांशिवाय त्या राज्यात काहीच चालणार नाही, हे तो जाणून होता. त्याला हवे होते ते एवढेच की, जंटलमनने आधी टारपॉलिन व्हावे. लॉर्डचा मुलगा असो वा मच्छीमाराचा, दोघांनी तीच तीन वर्षे काढावीत, तीच आकडेमोड करावी, तोच दोर बांधून दाखवावा. दोन जमातींमधील भांडण मिटवण्यासाठी त्याने तिसरीच जमात निर्माण केली. तिला पुढे व्यावसायिक नौदल अधिकारी म्हणू लागले. वशिला यामुळे मेला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १७७७ मध्ये, होरेशियो नेल्सन याच परीक्षेला बसला, तेव्हा आरमार मंडळाचा नियंत्रक त्याचा सख्खा मामा होता. पण मामा असला तरी परीक्षेला बसावे लागले.

या सुधारणेने पीप्सचे शत्रू वाढले. १६७९ मध्ये, कॅथलिक कटाच्या अफवांनी देश पेटला असता, फ्रान्सला आरमाराची गुपिते विकल्याचा आरोप त्याच्यावर आणि अँथनी डीनवर झाला. दोघांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. आरोप करणारा जॉन स्कॉट हा अट्टल लबाड होता. पीप्सने हातपाय गाळले नाहीत. युरोप आणि अमेरिकेतून त्याने स्कॉटच्या फसवणुकींचे पुरावे गोळा केले, त्यांचे जाड दप्तर बांधले. खटला उभा राहण्यापूर्वीच कोसळला. नोकरी मात्र गेली होती.

१६८३ मध्ये त्याला टँजियरला जावे लागले. या गावाचे मुंबईशी नाते आहे. १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर चार्ल्सला जो हुंडा मिळाला, त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजियर आणि आपल्याकडची मुंबई ही दोन्ही होती. मुंबई ताब्यात यायलाच १६६५ उजाडले. पोर्तुगीजांनी या बेटाबाबत फसवल्याची दरबारातील कुरकुर पीप्सच्या रोजनिशीतही आहे. १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजियरवर मात्र बावीस वर्षे पैसा ओतला आणि अखेर ते उद्ध्वस्त करून सोडण्याचे ठरले. कोणता हुंडा जपावा, हे त्या काळी कोणालाच कळले नव्हते. टँजियरला पीप्सने कप्तानांचे राज्य जवळून पाहिले. राजाच्या जहाजांतून व्यापाऱ्यांचा माल आणि चांदी वाहून खासगी कमाई करणे सर्रास चालू होते. तेथील सेनानी आर्थर हर्बर्ट याच्या अमलाखाली मर्जीतल्यांची चंगळ आणि नियमाने वागणाऱ्यांची उपेक्षा होत असल्याची टिपणे त्याने करून ठेवली.

१६८४ मध्ये तो पुन्हा सचिव झाला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा अध्यक्षही. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर छपाईची संमती देणारा म्हणून त्याचे नाव आहे. पाच वर्षांच्या त्याच्या अनुपस्थितीत ती तीस नवी जहाजे गोदीत उभ्या उभ्या कुजली होती. चॅथमला त्यांच्या तळात मुठीएवढी कुत्र्याची छत्री उगवलेली त्याने पाहिली. दुरुस्तीसाठी त्याला डीनच हवा होता. देशातील इतर जहाजबांधणी तज्ज्ञांची यादी करून त्याने राजापुढे ठेवली आणि प्रत्येकापुढे शेरे मारले: हा संधिवाताने अंथरुणाला खिळलेला, तो पितो, याने हातात हत्यार क्वचितच धरलेले. यादी वाचल्यावर डीनखेरीज कोणी उरत नव्हतेच. १६८६ मध्ये कप्तानांचा खासगी माल बंद करण्याचा हुकूम निघाला आणि त्या बदल्यात त्यांच्या मेजाच्या खर्चासाठी भत्ता सुरू झाला. पर्सरसाठी वीस वर्षांपूर्वी केलेला विचारच येथे कप्तानांना लावलेला दिसतो.

पण जेम्स राजा स्वतःच बुडत होता. १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंजला इंग्लंडला येण्याचे निमंत्रण पोहोचवणारा माणूस साध्या खलाशाच्या वेशात हॉलंडला गेला. तो माणूस म्हणजे टँजियरचा आर्थर हर्बर्ट. विल्यमच्या चढाईच्या ताफ्याचे नेतृत्वही त्याच्याकडे आले. पीप्सने उभारलेले आरमार प्रतिकूल वाऱ्यामुळे अडकून पडले आणि राज्य बदलले. १६८९ च्या फेब्रुवारीत पीप्सने पद सोडले. जुन्या राजाशी संधान असल्याच्या संशयावरून त्याला पुढे दोनदा अल्पकाळ अटक झाली. १६९० मध्ये त्याने आरमाराच्या स्थितीवर एक छोटे पुस्तक छापले आणि दहा वर्षांच्या कारभाराचा हिशेब मांडला.

शेवटची वर्षे त्याने आपला जुना कारकून विल्यम ह्यूअर याच्या क्लॅपम येथील घरी काढली. २६ मे १७०३ रोजी तो तेथेच मरण पावला. शवविच्छेदनात डाव्या मूत्रपिंडात सात खडे सापडले. लंडनमधील सेंट ओलेव्ह चर्चमध्ये, एलिझाबेथशेजारी, त्याचे दफन झाले. तीन हजार ग्रंथांचा संग्रह, त्यात लघुलिपीतील रोजनिशीचे सहा खंड, १७२४ मध्ये मॉडलिन कॉलेजात गेला. रोजनिशीचा काही भाग प्रथम छापला गेला तो १८२५ मध्ये. सरकारकडून त्याला २८,००७ पौंड, २ शिलिंग आणि सव्वा पेनी येणे होते. रक्कम मान्य झालेली होती, कागद व्यवस्थित होते, आणि मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख करून ते त्याने वारसांकडे सोपवले. ती रक्कम कधीच मिळाली नाही.